नऊ तलवारी आणि एक पिस्तूल

कंपनीने उल्हास टिपणीसचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं, तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती तलवारींची. नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास रद्द झाल्यापासून तीस दिवसांत सिंगापूर सोडायचं होतं. सोफा विकला जाईल, मुलीची, आर्याची, पुस्तकं बोटीने जातील, कुकरसुद्धा बॅगेत बसेल. पण नऊ जुन्या तलवारी आणि गारगोटीच्या ठिणगीवर उडणारं एक जुनं पिस्तूल पुण्याला न्यायचं, तर दोन्हीकडचे इतके परवाने लागणार होते, की त्याने ती यादी अर्ध्यातच मिटली.

"ठेवून जा ना कुणाकडे तरी," त्याची बायको स्मिता म्हणाली. आवाजात राग नव्हता. बारा वर्षं तिने त्यांच्यासाठी बेडरूममधलं मोठं कपाट सोडलं होतं, पात्यांना गंज चढू नये म्हणून हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची घरघर सोसली होती. "तुझे ते मिस्टर गोह आहेत की."

मिस्टर गोह चोआ चू कांगला राहायचे. वय पंचाहत्तर, तेही जुनी शस्त्रं जमवायचे. त्यांची ओळख एका लिलावात झाली होती. पिस्तुलांची जोडी आली होती, दस्त्यावर चांदीची वेलबुट्टी, टोकाला सिंहाचं तोंड. पण विक्रेत्याने ती वेगवेगळी मांडली, आणि एक उल्हासला मिळालं, एक गोहना. दोघेही एकमेकांच्या पिस्तुलासाठी हटून बसले, मग हसत कॉफी प्यायला गेले. तेव्हापासून महिन्याकाठी एक फोन ठरलेला.

शनिवारी सकाळी उल्हास निघाला. बॅगेत तलवारींच्या फोटोंचा अल्बम, गोहना दाखवायला. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. एमआरटी मेट्रोत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. गेले दोन आठवडे तो असाच कुठेही झोपत होता, फक्त अंथरुणावर सोडून. जुरॉंग ईस्टला गाडी बदलताना क्षणभर आपण कुठे निघालोय तेच त्याला आठवेना.

दार गोहनीच उघडलं. "बरं झालं आलास. मी तुला फोन करणारच होतो."

तलवारींच्या खोलीपाशी आल्यावर उल्हास दारातच थबकला. भिंतीवरच्या चौकटी रिकाम्या होत्या. सगळी शस्त्रं जुन्या चादरींत गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती, आणि खिडकीपाशी पाळणा होता, नवा, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"मुलगी येतेय राहायला. बाळ घेऊन," गोह म्हणाले. त्यांनी एक चादर सोडली, सोनेरी नक्षीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "डोळ्यांनी आता नीट दिसत नाही. मागच्या महिन्यात तेल लावताना बोट कापलं. उल्हास, तू घेऊन जा सगळं. तुला कळतं यातलं. दुसऱ्या कुणाला देववत नाही."

उल्हासने बॅग पाठीमागे सरकवली. मी जातोय, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

"बघतो," तो म्हणाला. "जागेचं बघावं लागेल."

मग दोघं खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांकडे गेले. गोहनी त्याच्यासाठी भाजीचे नूडल्स मागवले आणि तासभर, कुठली तलवार कशी सांभाळायची ते सांगत बसले. उल्हास मान डोलावत राहिला.

पुढच्या बुधवारी त्याने जुन्या शस्त्रांच्या परवानाधारक दुकानदाराला बोलावलं. माणूस सभ्य होता. हातमोजे घालून एकेक तलवार आणि शेवटी पिस्तूल उचललं, कागद केले, सगळं खाली व्हॅनमध्ये नेलं. आर्याने कॉलेजमधून आल्यावर रिकामं कपाट पाहिलं. "So empty lah, बाबा," एवढंच म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.

निघायला पाच दिवस उरले तेव्हा त्याने गोहना फोन लावला.

"मिस्टर गोह, त्या दिवशी मी माझ्या तलवारी तुम्हाला द्यायला आलो होतो. आम्ही परत चाललोय. कायमचे."

पलीकडून थकलेलं हसू आलं.

"मला वाटलंच. बॅगेतून अल्बम दिसत होता. तेवढं दिसतं मला अजून."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं, तर तू ठेवून घ्या म्हणाला असतास. आणि मग मला हो म्हणावं लागलं असतं." ते थांबले. "तुझ्या कुठे गेल्या?"

उल्हासने दुकानाचं नाव सांगितलं.

"माणूस बरा आहे?"

"हातमोजे घालतो."

"मग माझ्याही घेऊन जायला सांग. आणि तूही ये. मला एकट्याने जायला नको वाटतं."

दुसऱ्याच दिवशी व्हॅन चोआ चू कांगला गेली. उल्हास गोहना हाताला धरून टॅक्सीने मागोमाग दुकानात आला. दुकानदाराने गोहंचं पिस्तूल उल्हासच्या पिस्तुलाशेजारी काउंटरवर ठेवलं. गोह वाकून, अगदी नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन, दोन्ही सिंह पाहत राहिले.

"तुझ्याची चांदी जास्त उजळ आहे," ते म्हणाले. "तू फार घासलंस."

"हो. चुकलंच माझं."

सह्या झाल्या. बाहेर कडक ऊन होतं. गोहना बसायचं होतं, आणि उल्हासलाही. बसस्टॉपच्या बाकावर दोघे टेकले. चोआ चू कांगच्या दोन बस आल्या आणि गेल्या, कुणी उठलं नाही.