आतल्या बाजूची बोरं

कर्जतात लोकर विणणारी बाई म्हणजे गावाला फुकटची करमणूक. "वहिनी, वैशाखात तुमच्याकडे बर्फ पडतो का हो?" शेजारच्या काकू मला भर उन्हात विचारायच्या. "पडतो ना! तुमच्याकडे नाही पडत? अरेरे," मी म्हणायचे. आता काय सांगायचं त्यांना! आमचे हे पूर्वी माथेरानला एका साहेबाकडे कारकून होते. पहिलं पोर पोटात, डोंगरावरचा गारठा, करमता करमत नव्हतं. साहेबाच्या मडमेनं माझ्या हातात दोन सुया दिल्या, त्या काही पुन्हा सुटल्या नाहीत.

मडमेचं विणकाम सपाट असायचं. मला सपाट कधी आवडलंच नाही. एका टाक्यातून चार-पाच टाके काढायचे आणि लगेच त्या सगळ्यांना परत एका टाक्यात कोंबायचं, की तिथं लोकर फुगून वर येते, बोराएवढी. मी त्यांना बोरंच म्हणते. बोरांच्या रांगा आणि मधून वेण्या, अशी एक शाल मी स्वतःसाठी केली, आणि माझी पमी त्या शालीवरच वाढली. प्रमोदिनी हे तिचं शाळेतलं नाव. मांडीवर घेतलं की ती शालीचं एक बोर चिमटीत धरायची आणि ते फिरवत फिरवत झोपायची. मी जरा हलले की बोर सुटायचं आणि बाईसाहेब जाग्या! "आई, हलू नको ना गं." मग पायाला मुंग्या येवोत, चुलीवर भात करपो, मी आपली बसलेली.

त्याच बोरांनी घात केला.

पमीच्या लग्नात विहीणबाईंना मानाचा शेला द्यायचा होता. दुकानातला शेला काय, कोणीही आणतं. म्हटलं, आपण आपल्या हातचं द्यावं. सबंध पावसाळा खपून मी त्यांच्यासाठी शाल विणली, पांढरीशुभ्र, अंगभर बोरं. त्यांनी ती भर मांडवात उलगडली, वरून हात फिरवला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगबाई! ह्या पुटकुळ्या कसल्या? शुभकार्यात देवी आल्यासारखं वस्त्र द्यायची रीत आहे वाटतं तुमच्यात?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मेल्या! त्यांच्या थोरल्या मुलीला देवीच्या साथीनंच नेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत त्यांच्या लेखी मी मुद्दाम केलं होतं.

त्या दिवसापासून पमीला माहेर तुटलं. मंगळागौर सासरी गिरगावात, दिवाळसणही गिरगावात. तिला दिवस गेले तेव्हा हे स्वतः जाऊन हात जोडून आले, पहिलं बाळंतपण तरी आमच्याकडे होऊ द्या. "पुण्याला माझी बहीण आहे, शेजारी चांगली डॉक्टरीण आहे," विहीणबाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. ह्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. घरी आल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत नीट, आणि मी तर रडून रडून डोळे सुजवून घेतले. लेक गिरगावात आणि मी इथं, जेमतेम काही तासांची वाट, पण चंद्रावर असती तरी तेवढीच लांब.

मग पंचवीस सालच्या मार्गशीर्षात ह्यांचे आतेभाऊ अण्णा गिरगावातून बातमी घेऊन आले. तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळच्या गाडीनं पमीला पुण्याला नेणार.

ऐकलं आणि मी बोटांवर दिवस मोजायला लागले. पुण्याची गाडी कर्जतला थांबल्यावाचून घाट चढत नाही हो! मागं जादा इंजिन लावावं लागतं. तेवढा वेळ माझा. विहीणबाईंचा राग मोठा खरा, पण बोरघाट त्याहून मोठा. हे म्हणाले, "जाऊ नकोस. चारचौघांत काहीतरी बोलतील." "बोलू देत की," मी म्हटलं. "बोलणी खाता खाता मला पोरीकडे बघता येतं."

पुण्याला थंडी असणार, पोर अवघडलेली. शाल द्यायची हे ठरलं, पण बोरं दिसली की विहीणबाई ती खिडकीतून भिरकावणार. आणि बोरांवाचूनची शाल घेऊन पमी करणार काय? डोकं फिरायची वेळ आली. मग सुचलं. बोरं उलट्या बाजूला काढायची. वरून शाल सपाट, डाळिंबी रंगाची, दुकानातल्यासारखी, आणि आत अंगाला लागेल तिथं बोरांच्या रांगा. ठाकरवाडीची बुधी आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. ओट्यावर टेकून ती माझं विणणं बघत बसली.

"बाय, नक्शी आत कशाला गं? कोन बगनार?"

"बघायची नाहीच ती," मी म्हटलं.

तिनं शालीत हात घातला, बोटं फिरवली आणि खुदकन हसली. "लबाड हायेस गं तू!"

गुरुवारी बुधीला बरोबर घेऊन मी फलाटावर उभी राहिले. गाडी आली. बायकांच्या डब्यात खिडकीशी विहीणबाई आणि त्यांच्या पलीकडे पमी. केवढी वाळली होती! नुसतं पोट पुढं. ओठ हलवून "आई" म्हणाली. जावई पुरुषांच्या डब्यात होते म्हणे.

"तुम्ही इथं कुठं?" विहीणबाईंनी विचारलं.

"गाव आमचंच आहे," माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. "पोरीला पांघरायला आणलंय. सपाट आहे हो."

त्यांनी शाल घेतली, उजेडात धरली, वरून हात फिरवला. "हं. शिकलात म्हणायचं." आणि काय केलं असेल? उलगडून सरळ स्वतःच्या खांद्यावर घेतली! "मघापासून वारा लागतोय मला. मान राहिला होता, आज पोचला."

आई गं! नाही म्हणायची सोय नव्हती. पमीची नजर त्या शालीवरून हलेना. "बरी आहेस ना गं?" मी विचारलं. "हो," ती म्हणाली. एवढंच. पोटात इतकं साठलेलं, आणि विचारलं काय तर बरी आहेस ना! मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. पदराच्या टोकाला तिनं एक गाठ मारली होती, आणि ती गाठ चिमटीत धरून फिरवत होती. पदराच्या गाठीवर दिवस काढले माझ्या पोरीनं!

मागं इंजिन लागलं, सगळी गाडी हादरली. विहीणबाईंनी शाल आवळून घेतली आणि त्यांचा हात आतल्या बाजूला गेला. तिथंच थांबला. त्यांचा चेहरा उतरला. आता फेकणार, मी मनात म्हटलं.

"विहीणबाई," मी खिडकीची कड धरली, "तुमच्या मुलीचं मला ठाऊक नव्हतं हो. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

त्यांची बोटं तेवढी एका बोरावरून दुसऱ्या बोरावर जात होती. शिट्टी झाली. त्यांनी शाल खांद्यावरून काढली आणि पमीच्या मांडीवर टाकली. "घे बाई. मला नाही हे सोसत. तुझ्या आईचं तूच पांघर." आवाजात राग नव्हता. उठून त्या पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून.

गाडी सुटली. पमीनं हात हलवला नाही की निरोपाचं बोलली नाही. शाल अंगाभोवती घेतली, सरकून डोकं खिडकीला टेकलं, आणि तिचा हात शालीच्या आत गेला. डाळिंबी लोकर एकाच जागी हळूहळू हलताना मला दिसली. तिचे डोळे मिटत होते.

शेवटचा डबा गेला, मागचं इंजिनही गेलं.

"बाय, गाडी गेली," बुधी म्हणाली. "चल ना घरी. उन लागतंय."

मी उभीच.

"हाल की गं बाय!"

मी हलले नाही.