कानताईचे प्रीसेट

स्टुडिओत तिला सगळे कानताई म्हणत. नाव ठेवलं होतं तिच्या दिरानं, थट्टेत. पण थट्टेपेक्षा त्यात कौतुकच जास्त होतं. वाचणाऱ्यानं पान उलटताना बोट ओलं केलं की कोरडंच उलटलं, हे आमच्या वहिनी हेडफोनमधून सांगतात, असं तो येईल त्याला ऐकवायचा. हे जरा फुगवून सांगणं होतं. फार नाही, जरासंच.

स्टुडिओ दिराचाच. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत भिंतींना जाड गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची सोय केलेली, दुसरीत दोन टेबलं, संगणक आणि दाराशी चपलांचा ढीग. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्या लायब्ररीसाठी इथे पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करत. वाचणारे तऱ्हेतऱ्हेचे. कुणाचा आवाज नाकात घुमायचा, कुणाचा छातीतच गडगडत राहायचा, कुणाचा ‘स’ असा सुटायचा की ऐकणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. या आवाजांना माणसात आणायचं काम कानताईचं. तिच्या पडद्यावर इक्वलायझरची एक आडवी रेषा असे. डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. ती कुठे दाबायची आणि कुठे उचलायची, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. एखाद्या आवाजाला रेषा नेमकी बसली की ती नाव देऊन साठवून ठेवायची. तो झाला प्रीसेट. पुढच्या वेळी तोच आवाज आला की तोच प्रीसेट लावायचा, पुन्हा पहिल्यापासून खटपट नको.

एका सकाळी फोन आला तो एका मुख्याध्यापिका बाईंचा. निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी गेली होती आणि लायब्ररीच्या त्या सगळ्यात चोखंदळ श्रोत्या होत्या.

“मी तक्रार करत नाहीये, चौकशी करतेय,” त्या म्हणाल्या. “तुमची ती वाचणारी बाई प्रकरणागणिक घर बदलते का हो?”

“म्हणजे?”

“म्हणजे एका प्रकरणात ती माझ्या शेजारी बसून वाचते. पुढच्या प्रकरणात उठून पत्र्याच्या शेडमध्ये जाते. पुन्हा शेजारी येते. मला बाई सारखी तिची काळजी वाटत राहते.”

कानताई हसली, पण फोन ठेवल्यावर तिला ते लागलं. त्या पुस्तकाच्या निम्म्या प्रकरणांचा आवाज तिनं नीट केला होता, निम्म्यांचा मास्तरांनी. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. शाळा सोडून या कामात आले आणि घरूनच करायचे, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या जागेत टेबल टाकून. तिच्या मनात आलं, पत्र्याची शेड मास्तरांचीच असणार. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? सगळे प्रीसेट तिच्या संगणकात. मागितला की ती एखादा काढून द्यायची, तोही कसाबसा शोधून.

शोधावा लागे, कारण नावं. ‘काकू सर्दी’, ‘काकू सर्दी बरी’, ‘अंतिम’, ‘अंतिम खरं’, ‘आता बास’, ‘बास म्हटलं ना’. एकाचं नाव नुसतंच ‘अरे देवा’ होतं.

तिनं त्याच दिवशी पदर खोचला. दिराला म्हणाली, “भाऊजी, मी सगळे प्रीसेट लावून घेणार आहे. नीट नावं, नीट फोल्डर. मास्तरांना सगळे देणार. आणि आपल्यासारखं काम करणारे बाकीचे गट आहेत ना, त्यांनाही.”

दिराच्या हातातली वायर हातातच राहिली. “बाकीच्यांना कशाला? वहिनी, आपला आवाज वेगळा ओळखू येतो म्हणून लायब्ररी आपल्याकडे येते. तेच वाटून टाकलंत तर आपल्याकडे उरलं काय?”

“उरले की कान,” ती म्हणाली. “प्रीसेट गेले तरी कान कुठे जातात?”

दीर हातातली वायर गुंडाळू लागला. पटलं म्हणून नव्हे. वहिनी पदर खोचून उभी राहिली की वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढं त्याला लग्नाच्या मांडवापासून माहीत होतं.

आवाजांच्या जातीप्रमाणे प्रीसेट लावायचे असं तिनं ठरवलं. जाड, पातळ, नाकातला, दमेकरी. सुरुवात काकांपासून केली. काका म्हणजे स्टुडिओ सुरू झाल्यापासूनचे वाचक, वेळोवेळी नव्यानं लावलेले त्यांचे प्रीसेट सगळ्यात जास्त. जुन्यापासून नव्यापर्यंत तिनं ते एकाच पडद्यावर एकमेकांवर ठेवले, म्हणजे सारखे असतील ते काढून टाकता येतील. डावीकडे सगळ्या रेषा एकमेकींत मिसळून गेल्या. मध्येही. उजव्या टोकाला मात्र त्या फाकल्या होत्या. सर्वात जुनी खाली, तिच्यावर तिच्यानंतरची, तिच्यावर आणखी नंतरची. मोरानं पिसारा उघडायला घ्यावा तशा.

काकांचं वय झालं, ती मनाशी म्हणाली. आवाजाची धार गेली, म्हणून आपण बारीक सूर उचलत गेलो.

मग तिनं एका वाचक मुलीच्या रेषा काढल्या. तिचं वय झालं म्हणायची सोय नव्हती. तिच्याही रेषा उजवीकडे तशाच चढत गेलेल्या. मग आणखी एकाच्या. मग आणखी एकीच्या. माइक बदलला का? नाही, माइक तोच. खोली तीच, गाद्या त्याच. वाचणारे सगळे वेगळे, पण उजवं टोक सगळ्यांचं चढतं.

सगळ्यांमध्ये एकच गोष्ट सारखी होती आणि ती खुर्चीत बसली होती.

कानताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली दुकानात कुणी टायरवर हातोडी मारत होतं. ते ठणठणीत ऐकू येत होतं. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. मग काय ऐकू येत नव्हतं? जे येत नाही ते कळणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन कान तपासायला गेली. काचेच्या छोट्या खोलीत तिला बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ती दाबत गेली. सूर बारीक होत गेले, मग थांबले. ती बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिली. बाहेरची तपासनीस बाई काचेतून तिच्याकडे बघत होती.

“पुढचं सुरू करा ना,” कानताई म्हणाली.

“ताई,” ती बाई दार उघडून हळूच म्हणाली, “झालं सगळं वाजवून.”

परतताना नवरा म्हणाला, “एक बरं झालं. माझ्या घोरण्यातून सुटका झाली तुझी.”

“घोरणं खालच्या सुरात असतं,” ती म्हणाली. “ते अगदी लख्ख येतं.” आणि हसता हसता तिला रडू फुटलं. नवऱ्यानं तिला रडू दिलं. घर येईपर्यंत तिचं रडून झालं होतं, आणि काय करायचं तेही ठरलं होतं.

ती आधी मास्तरांकडे गेली. पलंगावर बसून तिनं सरळ विचारलं, “मास्तर, खरं सांगा. माझे प्रीसेट तुम्हाला कसे लागतात?”

मास्तर चष्मा पुसायला लागले. “छान असतात की.”

“कान पिळून विचारू का?”

मास्तरांनी चष्मा घातला. “टोचतात, ताई. दोन-तीन वर्षं झाली. आधी वाटलं माझे हेडफोन बिघडले. नवे घेतले, तरी तेच.” आणि त्यांनी संगणकावर एक फोल्डर उघडून दाखवलं. नाव होतं ‘ताईंनंतर’. तिच्याकडून आलेल्या प्रत्येक प्रीसेटचं उजवं टोक खाली आणून त्यांनी आपला वेगळा साठवला होता.

म्हणजे शेजारी बसून वाचत होती ती मास्तरांच्या प्रकरणांत. पत्र्याची शेड कानताईची होती.

तिचा राग असा उसळला की तिलाच नवल वाटलं. “आणि हे मला सांगितलं नाहीत? वर्षानुवर्षं मी लोकांच्या कानात सुया टोचत होते आणि तुम्ही गुपचूप बोथट करत होतात?”

“तुम्हाला काय सांगणार, ताई? कानताईला सांगायचं की तुमच्या कानाला...” मास्तर पुन्हा चष्मा काढून पुसायला लागले.

“हो, सांगायचं! शाळेत पोरांची गणितं अशीच गुपचूप बरोबर करून ठेवायचात का?”

मास्तरांची मान खाली गेली. तिचा आवाज उतरला. “बरं, ते जाऊ दे. मान वर करा. आता मला तुमचे कान पाहिजेत. उसने नाही, रोजचे.”

दिराला सांगणं जास्त जड गेलं. त्यानं सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “हे या खोलीबाहेर जाता कामा नये. कानताईचे कान गेले म्हटल्यावर लायब्ररी आपल्या दारात उभी राहील का? मास्तरांना सांगू, ते बघतील. तुम्ही नुसत्या बसत जा.”

“नुसती बसू? शोभेला?”

“मी तुमच्यासाठीच म्हणतोय, वहिनी.”

“माहीत आहे. पण भाऊजी, ती पुस्तकं लोक ऐकतायत. त्यांच्याकडे दुसरं साधन नाही म्हणून टोचत असताना ऐकतायत. मी लायब्ररीला आजच कळवणार. कुठली पुस्तकं पुन्हा करायची तेही सांगणार आणि ती करून देणार. कान गेलेत ते वरच्या टोकाचे. हात आहेत, डोळे आहेत, आणि कुठल्या आवाजाला काय दुखतं हे अजून मला कळतं.”

तिनं त्याच्यासमोरच फोन लावला. लायब्ररीच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पुन्हा करून द्याल ना? मग द्या.” दीर तोंड पाडून खाली टायरवाल्याकडे जाऊन बसला आणि बरेच दिवस कामापुरतंच बोलला.

मग त्यांनी कामाला हात घातला. मास्तर रोज सकाळी स्टुडिओत येऊ लागले. जुने, कानांच्या चांगल्या दिवसांतले प्रीसेट एका फोल्डरमध्ये गेले. नंतरचे सगळे ‘तपासायचे’मध्ये. एकेक काढायचा, आवाज लावायचा. ती रेषा बघायची, मास्तर ऐकायचे. पहिले काही दिवस नुसती भांडणं.

“कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे काय? मास्तर, मला बरा नको. ‘स’ कसा आहे? वाफेसारखा, की सुरीसारखा, की कागद फाटल्यासारखा?”

मास्तरांना हळूहळू शब्द सापडू लागले. ‘कागद’ म्हटलं की कुठे दाबायचं हे तिला कळे. ‘सुरी’ म्हटलं की त्याच्या जरा वर. ते दोघं असं बोलत असताना कुणी आलं तर त्याला वाटावं, हे भांड्यांचं दुकान चालवतात.

नावंही बदलली. प्रत्येक नावात आवाजाची जात आणि त्यावरचा उपाय. ‘पातळ आवाज, अंग भरण्यासाठी.’ ‘नाकातला आवाज, नाक मोकळं.’ प्रत्येकासोबत त्याच वाचकाचं एक वाक्य, आधीचं आणि नंतरचं, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःच्या कानानं पडताळता येईल. आणि खाली एक ओळ: हा कुठे लावू नये. ‘रिकाम्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाला लावू नका, आधी खोलीत गोधड्या टांगा.’ ‘अरे देवा’ मात्र कशाचा होता ते शेवटपर्यंत आठवलं नाही. तो तिनं पुसून टाकला.

सगळं झाल्यावर तिनं मुख्याध्यापिका बाईंना तेच पुस्तक नव्यानं ऐकायला दिलं आणि पत्र्याची शेड कुणाची होती तेही सांगितलं. बाईंनी सगळं पुस्तक ऐकून मग फोन केला. “आता ती एका जागी बसलीय. पण सातव्या प्रकरणात जरा जास्तच मऊ झालीय, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखी. खपवून घेऊ की सांगू?”

“सांगा! सांगायलाच तर दिलंय.”

सातवं प्रकरण पुन्हा झालं. नंतर मास्तर म्हणाले, ही बाई शाळेत माझी मुख्याध्यापिका असती तर मी शाळा सोडली नसती, किंवा आधीच सोडली असती.

फोल्डर बाकीच्या गटांना पाठवायचा दिवस आला तेव्हा दीर वर आला. दाराशी उभा राहून त्यानं घसा खाकरला. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला लायब्ररीचं आणि वाचकाचं नाव सांगणारा आवाज त्याचा असे.

“वहिनी, तुमच्या त्या फोल्डरात माझ्या आवाजाला कुठला?”

“जाड आवाज, हट्टी,” ती मागे न वळता म्हणाली. “बसा, लावून बघू.”

त्यानं वाचलं, मास्तरांनी ऐकलं, तिनं रेषा हलवली. मग फोल्डर पाठवायचं बटण तिनं दिरालाच दाबायला लावलं. त्यानं जरा का-कू केली, पण दाबलं.

लायब्ररीनं काम बंद केलं नाही. वाढवलंही नाही. काही गटांकडून नुसतं ‘मिळालं’ आलं, काहींकडून तेही नाही. पण एका अनोळखी गटाकडून एक प्रीसेट परत आला. दमेकरी आवाजासाठीचा तिचा जुना, अगदी चांगल्या दिवसांतला प्रीसेट त्यांनी बदलला होता. सोबत लिहिलं होतं: ‘आमच्याकडे ऐकणाऱ्या एका आजोबांना तुमचा जरा कोरडा वाटला. असा करून बघितला.’

तिनं दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या. फरक टोकाला होता, तिच्या कानांच्या पलीकडे. आधीचं लावलं, नंतरचं लावलं. तिला दोन्ही सारखेच. हा प्रीसेट तिच्या आवडीचा होता.

“मास्तर, या. हे ऐका, आणि लाजू नका.”

मास्तरांनी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. “त्यांचा चांगला आहे, ताई.”

“किती?”

“बराच. तुमच्यात श्वासाला खरखर येते. यांच्यात माणूस दमलेला वाटतो, पण आजारी नाही.”

कानताईनं आपला प्रीसेट बाहेर काढला, त्यांचा आत ठेवला, नावाखाली त्या गटाचं नाव लिहिलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“चला,” ती म्हणाली, “माझे चांगल्या दिवसांतले सगळेच पुन्हा तपासू. पहिल्यापासून.”