आगळ

लढाईच्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. मेडिकलच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता: आगळ.

आगळ म्हणजे दारामागं आडवी घालतो ती लाकडी दांडी. पाणी दिलं तरी आगळ, उशी सरकवली तरी आगळ. दांडी लावली तर डोळ्यांत पाणी, काढली तरी तेच.

"दार लावू का उघडू? सांगा ना जी," मी म्हणायची. ते डाव्या हातानं गादी बडवायचे.

मारुतीच्या देवळात कीर्तन चालू होतं. एरवी मी पुढच्या सतरंजीवरची. त्या दिवशी शेजारच्या सिंधूताईला ह्यांच्यापाशी बसवून शेवटी शेवटी पोचले. झांजांतही मन लागेना. आरतीनंतर बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं अन् विचारलं, "बुवा, आगळ म्हणजे काय?"

ते हसले. "बाई, दाराला लावता ती. मूळ शब्द संस्कृतातला, अर्गला. अडवते ती अर्गला. लोकांच्या तोंडात घोळून घोळून आगळ झाली."

अडवते ती! मला वाटलं, देवानंच उत्तर धाडलं. ह्यांची वाचा अडली आहे, तेच सांगताहेत बिचारे. घरी आले, दांडी काढली, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्याखाली ठेवून दिली.

"येडी झाली का वं?" सिंधूताई म्हणाली. "कुत्रं शिरन घरात."

"शिरू दे. त्याईची वाचा सुटन."

"अन् चोर आला त काय म्हनशीन? बस बापा, कीर्तन आयक?"

दसरा गेला, दिवाळी गेली. दार नुसतं लोटलेलं. वाचा काही सुटली नाही.

एका दुपारी मी चुलीपाशी होते. मागून हाक आली, "आगळ वं!"

"दांडी नाही जी दाराले," मी वळलेही नाही.

"आगळ वं! ए आगळ!"

सिंधूताई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "वच्छला, दाराले कोनी 'वं' म्हनते का?"

साऱ्या मोहल्ल्यात हेच एक बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायचे. 'वच्छला वं!' म्हणून बाया मला चिडवायच्या. तो 'वं' मी किती दिवस ऐकत होते, देव जाणे.

मी जाऊन खाटेपाशी बसले. "मले बोलावून राहिले का?"

त्यांनी डोळे मिटले. मान डोलावली.

"आली जी. हे पाहा, तुमची आगळ आली. आता सांगा, काय पाहिजे?"

ओठ हलले. कपाळावरची शीर तटतटली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मनातल्या मनात मारुतीला विनवत.

"आगळ," ते म्हणाले.

"हो जी."

"आगळ."

"हो जी. इथंच आहे मी."

चुलीवर वरण करपल्याचा वास सुटला. सिंधूताईनंच उठून ते उतरवलं.