मी सव्वा फूट खाली आलो

मित्रांनो, वय झाले की माणसे थोडी वाकतात हे तुम्ही पाहिले असेल. मी मात्र एकाच दुपारी तब्बल सव्वा फुटाने खाली आलो, तेही करवतीने! मी एक जुना लाकडी पोडियम आहे. ज्याच्यामागे उभे राहून लोक भाषणे ठोकतात, घसा खाकरतात आणि पाण्याचा पेला सांडतात, तोच मी. नगरसभेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात मी चाळीस वर्षे उभा आहे. माझे पाय कापणाऱ्यांवर मी रागावलेला असेन असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मी त्यांचा आभारी आहे, आणि का आहे तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोडलेल्या लाकडी पुलाच्या फळ्यांतून झाला. सुतारकाका तेव्हा तरुण होते आणि कानावर पेन्सिल खोचून शीळ घालत काम करायचे. त्या वेळचे अध्यक्ष ताडमाड उंच होते. त्यांना समोर उभे करून काकांनी छातीपर्यंत माप घेतले आणि मला बरोबर चार फूट उंच केले. समोरून जाड फळी लावून मला पॉलिश असे दिले की पहिल्या रांगेतल्यांना माझ्यात आपले तोंड दिसायचे. साहजिकच मी जरा फुशारलो. बुटक्या सभासदांना टाचा उंचावताना पाहून मला मनातल्या मनात हसू यायचे, हेही कबूल करतो.

आमच्या सभेत एक नियम होता. माझ्यामागून जे बोलले जाईल, तेवढेच इतिवृत्ताच्या वहीत लिहायचे. पूर्वी सभासद जागेवरूनच एकदम ओरडायचे आणि कोण काय म्हणाले ते लेखनिकबाईंना कळायचे नाही, म्हणून हा नियम झाला होता. बाई तो अगदी काटेकोर पाळायच्या. कोणी बाकावरून कितीही मोलाचे बोलले तरी त्यांचे पेन हलत नसे. त्यामुळे माझा भाव आणखी वधारला.

सभागृहाच्या दारातून मला जिना दिसायचा. त्याला तेवीस पायऱ्या. मतदान पहिल्यापासून वरच्या खोलीत होई. ज्यांना जिना चढता येत नसे, त्यांना चार धट्टीकट्टी माणसे खुर्चीसकट उचलून वर नेत. बघणारे टाळ्या वाजवत आणि आपले गाव किती चांगले म्हणून खूश होत. मीही खूश होई. ज्यांना उचलले जाई त्यांचे चेहरे मात्र मी नीट पाहिले नव्हते.

एकदा मात्र पाहिले. बसवाले काका म्हणून एक निवृत्त ड्रायव्हर होते. आजारात त्यांचा एक पाय गेला आणि ते चाकांच्या खुर्चीवर आले. अंगाने भारदस्त माणूस. मतदानाच्या दिवशी ते जिन्यापाशी आले. चौघांनी बाह्या सरसावल्या. एकजण हसत म्हणाला, "काका, आज आमची कंबर जाणार!" काका त्याच्याबरोबर हसले. मग वर जिन्याकडे बघत म्हणाले, "अरे, मी गॅसवर दूध ठेवून आलोय. उतू जाईल. येतो जाऊन." ते गेले ते गेलेच. पुढच्या मतदानालाही त्यांचे दूध गॅसवरच होते.

आता घड्याळवाल्या ताईंबद्दल सांगतो. बसस्थानकाजवळ त्यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. लहानपणापासून त्या चाकांच्या खुर्चीवर. साऱ्या गावाची घड्याळे त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि सहज निवडून आल्या. गावाने हौसेने सभागृहाच्या दाराशी सिमेंटचा उतार बांधला, त्याला रंग दिला. ताई त्यावरून सरसर आत आल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षांनी भाषणासाठी त्यांचे नाव पुकारले. त्या माझ्यामागे आल्या आणि दिसेनाशा झाल्या.

हो, खरेच! माझ्या वरच्या कडेला कागदाचे एक टोक आणि चार बोटे, एवढेच दिसत होते. "ताई, आहात ना?" अध्यक्षांनी विचारले आणि मागच्या बाकावर हशा पिकला. गावाने दारापर्यंतचा विचार केला होता, दाराच्या आतला कोणीच केला नव्हता.

"मी बाजूला येऊन बोलते," ताई म्हणाल्या.

"मग मला लिहिता यायचं नाही हो," लेखनिकबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या. "नियम आहे ना."

तेव्हा मास्तर उठले. हे शाळेतून निवृत्त झालेले सभासद. आवाज गोड, मन त्याहून गोड. "द्या, मी वाचतो तुमच्या वतीने," असे म्हणून त्यांनी कागद घेतला. कागद त्यांनी माझ्या फळीवर ठेवला, म्हणून मला वाचता आला. ताईंनी लिहिले होते, 'आम्हाला उचलू नका. मतदान खाली आणा.' मास्तर तिथे अडखळले. पहिल्याच दिवशी इतके रोखठोक बरे दिसणार नाही असे त्यांना वाटले असावे. त्यांनी वाचले, "आम्हाला उचलताना जरा जपून उचलावे, ही नम्र विनंती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चाराऐवजी सहा माणसे नेमावीत आणि खुर्चीला उशी बांधावी, असा ठराव तिथल्या तिथे एकमताने झाला. बाईंनी तो सुंदर अक्षरात लिहूनही टाकला.

"हे मी म्हटलंच नाही!" ताई खालून म्हणाल्या.

मास्तर गोरेमोरे झाले. "अहो, जरा गोड केलं इतकंच."

"मास्तर, तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडत होतं, तेव्हा मी ते गोड केलं का? बरोबर केलं ना?"

मास्तरांनी नकळत मनगटाकडे पाहिले. पुढची सभा पंधरा दिवसांनी होती आणि लवकरच येणाऱ्या दुसऱ्या एका निवडणुकीच्या मतदानाआधीची ती शेवटची. त्या दिवशी ताईंचे शब्द वहीत उतरले नाहीत, तर बसवाल्या काकांसारख्यांचे मत पुन्हा घरीच राहणार होते. काय करावे यावर चर्चा सुरू झाली. कोणीतरी सुचवले, "ताईंनाच दोघांनी थोडं उचलून धरलं तर?" बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते कळले आणि त्याने जीभ चावली. या वेळी ताईच सगळ्यांच्या आधी हसल्या.

शेवटी सुतारकाकांना बोलावणे गेले. मित्रांनो, पिशवीतून करवत बाहेर आली तेव्हा मी घाबरलो. माझी चार फुटांची ऐट जाणार होती! काका आता म्हातारे झाले होते, स्वतःही गुडघ्यावर हात ठेवून उठत. पण करवत लावण्याआधी ते म्हणाले, "ताई, जरा इथं या. गुडघे कुठवर येतात बघू. हात आरामात कुठं टेकतो? कागद दिसतो?" त्यांनी तीन वेळा माप घेतले आणि तिन्ही वेळा ताईंना विचारले. मग ते माझ्यावर हात फिरवून पुटपुटले, "मीच चढवलं होतं तुला. मीच उतरवतो."

माझे पाय कापले. पुढची जाड फळी काढली, म्हणजे गुडघे आत जातील. त्याच फळीतून काकांनी एक खोका केला. ज्याला उभे राहून बोलायचे असेल, त्याने तो माझ्यावर ठेवायचा. पहिल्यांदा तो ठेवायची वेळ अध्यक्षांवरच आली. "आता मलाच आधार लागतोय," ते म्हणाले आणि खोका सरळ करायला ताईंनी त्यांना मदत केली.

पुढच्या सभेत ताई माझ्यामागे आल्या. सगळ्यांना त्यांचा चेहरा दिसत होता आणि मला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बोलणाऱ्या माणसाच्या मांडीवर कागदाची घडी उलगडणारे हात दिसत होते. आवाज ठाम होता. "दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं. गेल्या वेळी एकोणीस जण जिन्यापासून परत गेले. कोणी पाहुणे आलेत म्हणालं, कोणी डोकं दुखतंय म्हणालं. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटली. ती त्यांना का वाटावी? तुम्ही प्रेमानं उचलता, मला ठाऊक आहे. पण आम्हाला उचलू नका. मतदान खाली आणा." लेखनिकबाई शब्दन् शब्द लिहीत होत्या. ठरावाच्या बाजूने पहिला हात वर गेला तो मास्तरांचा. नंतर वर न गेलेला हात शोधावा लागला असता.

मतदान याच सभागृहात झाले. शिक्का मारायला बसूनही पोहोचता येईल आणि उभ्यानेही चालेल असे टेबल अधिकाऱ्यांना हवे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले! माझ्यावर पुठ्ठ्याचा आडोसा लावला गेला. त्या दिवशी कितीतरी हात माझ्यावर टेकले. काही सुरकुतलेले, काही कुबडी धरून घट्टे पडलेले. एका बाईंना दिसत नव्हते. त्यांनी बोटांनी माझी कड चाचपली, आपली जागा ठरवली आणि निवांतपणे आपले काम केले. पूर्वी मी ताईंना लपवले होते त्याची मला लाज वाटते. त्या दिवशी मात्र प्रत्येकाचे मत मी मनापासून लपवले.

तेव्हा मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही टेबल कराल, दार कराल, कदाचित एखादा नियमही कराल. माप घेताना सुतारकाकांसारखे आधी विचारा. ज्यांनी मला विचारपूर्वक कापले त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नाहीतर मी अजून चार फूट उंच आणि तितकाच निरुपयोगी असतो.

आणि हो, दुपारी बसवाले काकाही आले. उतारावरून स्वतःची चाके स्वतः ढकलत, एकटेच. माझ्यामागे ते जरा जास्तच वेळ थांबले. कोणी घाई केली नाही. परतताना दारात ताई भेटल्या.

"काय काका," त्या म्हणाल्या, "आज दूध?"

काकांनी शाई लावलेले बोट वर केले.

"आज गॅस बंद करून आलोय."