बुजवलेल्या दाराची भेग

मी एक भेग बोलतेय. बैठकीच्या खोलीत, पंख्याच्या बटणांशेजारी, माणसाच्या डोक्याच्या हातभर वरून निघून सरळ खाली उतरलेली. दचकू नका. माझ्याकडे बघून दचकणारे इतके भेटलेत की, कुणी सहज बघितलं तरी हल्ली मलाच त्याचा संशय येतो.

माझा जन्म एका दारापायी झाला. बैठकीतून मागच्या खोलीत जायला इथे एक दार होतं. घरधन्याच्या बायकोला पलंग टेकवायला सलग भिंत हवी होती, म्हणून मुलं व्हायच्या आधीच त्याने ते बुजवून घेतलं. गवंडी घाईत होता. जुन्या विटांमध्ये नव्या विटा गुंफायच्या सोडून त्याने नुसत्या रचल्या, वर गिलावा फासला आणि हात झाडले. पहिल्याच उन्हाळ्यात नवं बांधकाम जुन्यापासून केसभर सुटलं. तीच मी. दर रंगकामाला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून मला बुजवायचे आणि मी पुन्हा डोकं वर काढायची. पण वाढले कधीच नाही. पायाशी माझा काही संबंध नव्हता. हे ठाऊक असलेले आईबाप मात्र एकामागून एक गेले, आणि दार होतं हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

उरली ती थोरली लेक. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करणारी, एकटी, मोजकं बोलणारी. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात फर्निचरच्या दुकानात होता. घर दोघांच्या नावावर. भावाला ते विकायचं होतं. बहीण म्हणाली, "परक्याला कशाला? तुझा वाटा मीच घेते. बाजारभाव काय असेल तो देते."

"मग बाजारभाव काय तो कळू दे की," भाऊ म्हणाला, आणि आपल्या ओळखीतला एक एजंट त्याने पाठवून दिला.

एजंट आला तो बूट काढता काढताच म्हणाला, "मॅडम, बाजार थंड आहे. घरं नुसती पडून आहेत." मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने माझ्यावरून असं बोट फिरवलं, जसं काही मी त्याची हरवलेली वस्तू होते. "आणि हे काय? पाया खचलाय. हे बघितल्यावर गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच परत जाईल."

"कशावरून खचलाय?"

"मॅडम, आम्ही रोज भिंती बघतो."

बहिणीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली शिंपीणबाई ब्लाउज द्यायला आली, तेव्हा तिने सहज विचारलं, "तुमच्या दिरांचं घर किती दिवस पडून होतं हो?"

"पडून कसलं! पाटी लावली आणि आठवड्यात गेलं. चांगला भाव आला."

मग थंड बाजार कुणाचा?

दुसऱ्या दिवशी बहिणीने कामावरून एक काचपट्टी आणली, रक्ताचा थेंब ठेवून बघतात तसली, नाजूक. ती तिने माझ्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं चिकटवून टाकली. भिंत सरकत असेल तर काच तडकेल. नसेल तर शाबूत राहील. भावाला तिने फोनवर सांगितलं, "पावसाचे दिवस जाऊ दे. मग ठरवू."

"म्हणजे लांबवायचंच ना तुला," भाऊ म्हणाला. भाव पडला की वाटा स्वस्तात मिळेल, असा तिचा डाव असणार, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही. पण तो बोलता बोलता थांबला आणि तिला ते ऐकू आलं.

पावसाळाभर पाणी मुरलं, वारं सुटलं, रस्त्यावरून अवजड गाड्या गेल्या. काचेला ओरखडाही नाही. मग बाहेरचा माणूस काय भाव देतो ते दाखवायला एजंट एका जाड चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. "पाणी मिळेल का मॅडम?" बहीण स्वयंपाकघरात वळली आणि एजंटने खिशातून किल्ली काढून तिच्या टोकाने काचेवर टक्कन मारलं. चष्मेवाला खिडकीबाहेर बघत होता. फारच मन लावून बघत होता.

पाणी घेऊन ती आली तर काच दुभंगलेली. "अरेरे," एजंट म्हणाला, "आत्ता आमच्या डोळ्यांदेखत गेली बघा."

मला तोंड असतं तर! सांध्यासांध्याने ओरडले असते. पण भेगेचं बोलणं कोण ऐकतं?

बातमी ऐकून भावाने एवढंच विचारलं, "काच लावली तूच, आणि तडकली तेव्हाही घरात तूच?"

"एजंट तुझा होता," ती म्हणाली.

दोघांनी फोन ठेवले. पुढच्या रविवारी भाऊ मुक्कामालाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण दवाखान्यात गेली तसा त्याने तिच्या नकळत एका इंजिनीअरला बोलावलं. त्या गृहस्थाने मला ठोकलं, कान लावला, पट्टी धरली आणि विचारलं, "इथे पूर्वी दार होतं का? ही सरळ, चौकटीच्या रेघेत उतरलीय. पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी गेली असती, वर रुंद होत गेली असती, तर मी काळजी केली असती."

"दार मला आठवत नाही," भाऊ म्हणाला. पण तो सुटकेने हसला, आणि मग लगेच त्याचा चेहरा उतरला. भिंत धड असेल तर काच कुणी फोडली?

इकडे बहिणीचंही काही चाललं होतं. तुटलेल्या काचेजागी तिने उघड नवी लावली. आणि भाऊ अंघोळीला गेला असताना वीतभर खाली, कॅलेंडरच्या मागे, दुसरी चिकटवली. कुणालाच सांगितलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने तर भावालाही फुंकून घेतलं.

एजंट चष्मेवाल्याला घेऊन पुन्हा आला. घसा त्याचा नेहमीच कोरडा. बहीण पाण्याला गेली, भाऊ कागद आणायला आत गेला. टक्क.

"बघा, पुन्हा!" एजंट दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भिंत चाललीय. हे साहेब थोड्या कमी भावात, पण आहे त्या अवस्थेत घ्यायला तयार आहेत. आज हो म्हणा, उद्याचं मी सांगत नाही."

बहिणीने ग्लास टेबलावर ठेवला आणि कॅलेंडर उचलून बाजूला केलं. खालची काच अखंड होती.

"वीतभर वर भिंत सरकली आणि वीतभर खाली जागेवर राहिली?" ती म्हणाली. "रोज भिंती बघता ना, मग हे कसं ते सांगा."

एजंटने घसा खाकरला. पण बोलला चष्मेवाला: "चला भावजी, दुसरीकडे बघू." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. भाऊ दारापाशी जाऊन उभा राहिला आणि दार सताड उघडं धरलं. दोघं बूट हातात घेऊनच उतरले.

खोलीत बहीणभाऊच उरले. भाऊ कॅलेंडरच्या जागेकडे बघत होता.

"ही कधी लावलीस?"

"तू आल्यावर."

"म्हणजे माझ्यावरही संशय होता."

"होता."

तो खुर्चीवर बसला. "मीही तुझ्या पाठीमागे एका इंजिनीअरला आणलं होतं."

"ठाऊक आहे. परवा चहाचे दोन कप विसळून पालथे घातले होतेस. एकट्याला दोन लागत नाहीत."

"मग विचारलं का नाहीस?"

बहिणीने कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. मग म्हणाली, "तू खोटं बोलला असतास तर? मग मला कुणी राहिलं असतं का?"

भावाने मान खाली घातली. थोड्या वेळाने तो उठला, एजंटसाठी आणलेलं पाणी त्याने अर्धं प्यायलं आणि ग्लास तिच्यापुढे धरला. तिने उरलेलं प्यायलं.

त्यानंतर त्यांनी इंजिनीअरला उघड बोलावलं, आसपास नुकती विकलेली घरं कोणत्या भावाने गेली ते चार दारांत जाऊन विचारलं, आणि जो भाव निघाला त्यानेच भावाचा वाटा बहिणीने घेतला. घासाघीस झालीच नाही असं नाही. पण झाली ती समोरासमोर.

आज गवंडी आलाय. त्याने मला दोन्हीकडून खरवडून रुंद केलंय. आता जाळी ठोकेल आणि गिलावा चढवेल. नवा माणूस मला बघणार नाही. तेव्हा जाता जाता एक सांगते. घर घ्या की विका, जो घाई करतो त्याच्यापुढे हळू चाला. ज्याचा फायदा आहे त्याच्याकडून भिंतीची परीक्षा करून घेऊ नका. ताज्या रंगाच्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ थांबा. एकच भिंत का रंगवली, ते विचारा.

आणि घरातल्या माणसाचा संशय आलाच, तर त्यालाही विचारा. या दोघांनी न विचारता अख्खा पावसाळा घालवला. मी त्या दोघांच्या इतकी जवळ होते, आणि मला वाटायचं, या खोलीतली वाढती भेग मी नाहीच.

गवंड्याने भिंतीवर पाणी मारलं. गार वाटतंय. बरं आहे, येते मी.