शीलाच्या बोलण्यावर वाजलेला नंगारा

मित्रांनो, लाज वाटते, तरी सांगतो. मी दिग्रसजवळच्या एका तांड्यातला जुना नंगारा आहे. दारव्ह्याच्या एका तांबटाने माझं भांडं ठोकून घडवलं आणि त्यावर कातडं ताणून बसवलं. होळी असो, लग्न असो, माझ्यावर टिपरू पडल्याशिवाय तांड्यात कोणाचा पाय उचलत नसे. "काय घुमते लेक!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. फुकटचा तोरा हो, दुसरं काय!

माझं आणखी एक काम होतं. बैठकीत तांड्याच्या प्रमुखांनी, म्हणजे नाईकांनी, हात वर केला की मी वाजायचो. मी वाजलो की विषय संपला, मग कोणी तोंड उघडायचं नाही. आमच्या तांड्याची तशी रीतच होती.

मला वाजवायचा नेमसिंग, पण माझी देखभाल करायची त्याची नात शीला. पावसाळ्यात कातडं सैल पडलं की ती मला चुलीजवळ शेकायची, दोऱ्या आवळायची आणि आसपास कोणी नसलं की बोटांनी हळूच वाजवून पाहायची. बघता बघता ती एकोणीस वर्षांची झाली.

मग एक दिवस तिने दिग्रसला जाऊन वेणीच कापून टाकली. पोलीस भरतीसाठी ट्रॅक पँट घालून डांबरी रस्त्यावर धावू लागली. तांड्यात नुसती कुजबुज! शेवटी हरिसिंग नाईकांनी बैठक बसवली.

"नेमसिंग, पोरीचं पळणं बंद कर," ते म्हणाले. "बाकीच्या पोरी काय शिकतीन?"

शीला उभी राहिली. "नाईक काका, पुढच्या महिन्यात यवतमाळले भरती हाये. मले एवढंच सांगायचं हाये का..."

नाईकांचा हात वर झाला. नेमसिंगने मान खाली घालून टिपरू मारलं. आणि मी, मित्रांनो, जीव तोडून वाजलो! तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू आला नाही. बैठक उठल्यावर कोणीतरी मला थोपटलं. "आज तं लयच घुमला!" आणि मला, निर्लज्जाला, बरं वाटलं.

लाज नंतर आली. घरी नेऊन शीलाने नेहमीसारखं माझं कातडं पुसलं, दोऱ्या आवळल्या. तिने लाथ घातली असती तरी परवडलं असतं. नेमसिंग त्या दिवशी जेवला नाही.

शीलाचं धावणं काही थांबलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. पुन्हा ती उभी राहिली आणि पुन्हा नाईकांचा हात वर झाला.

"वाजवा आबाजी," शीला म्हणाली. "हात दुखेपर्यंत वाजवा. मी उभीच हाय."

नेमसिंग वाजवू लागला. प्रत्येक ठोक्याला वाटे, आता फाटावं आपलं कातडं. पण तिनेच इतकं निगुतीने जपलेलं, फाटणार कसं? म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता, डोळ्यांतून पाणी. शेवटी त्याने टिपरं खाली ठेवली.

"काहून थांबला?" नाईक ओरडले.

"माह्याच्यानं होत नाही आता," नेमसिंग म्हणाला. "तिले बोलू द्या."

नाईक तरातरा निघून गेले. बाकी कोणीही जागचं उठलं नाही.

"तं मी म्हणून राह्यलती..." शीलाने घसा साफ केला आणि जिथे मी तिचं बोलणं तोडलं होतं, तिथूनच पुढे बोलू लागली.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, उंदरांपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. कोणी बोलायला उभं राहिलं, तर त्याच्यावर मला वाजवू नका. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.