शिगेची अधोली

मित्रांनो, लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या भट्टीत, वरच्या फळीवर पालथी पडलेली धुळकट अधोली दिसली, तर ती मी. तांबटाने मला दोन शेर धान्य मावेल अशा बेताने घडवले. पण माझे आयुष्य गेले ते शेंगदाण्यांत आणि सारजाबाईच्या हातात. तो हात शेवटी कसा सुटला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

सारजाबाई लोणावळ्याजवळच्या आंदर मावळातली. दाणे भाजायचे, चोळून फोल उडवायचे आणि दाण्याच्या दोन पाकळ्या करायच्या, हे तिचे काम. मला ती नेहमी शिगेने भरी, म्हणजे काठाच्या वर दाण्यांची टेकडी उभी राहीपर्यंत. सपाट माप म्हणजे कद्रूपणा, असे तिच्या गावच्या खळ्यावर मानीत.

१९६२च्या सुमारास किलोची वजने आली. थोरले शेठ नुकतेच वारले होते आणि धाकटे अनंतशेठ गादीवर बसले होते. त्यांनी मला दाण्यांनी भरले, काठावरून पट्टी फिरवून सपाट केले, तराजूत तोलले आणि भिंतीवर खडूने लिहिले : एक अधोली म्हणजे एक किलो दोनशे ग्रॅम. आता भट्टीवर तराजूची कटकट नको, म्हणून ते खूश झाले. मीही फुशारून गेले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी तशीच पट्टी फिरवून वीस अधोल्या दाणे सारजाबाईला दिले. म्हणजे चोवीस किलो. संध्याकाळी तिने पाकळ्या मोजून दिल्या, त्या आपल्या रीतीने, शिगेने. अधोल्या भरल्या सोळाच.

अनंतशेठनी भिंतीवरच्या आकड्यावरून हिशेब केला. लहानपणापासून जिला मावशी म्हणत आले, तिला म्हणाले, "सारजाबाई, पाच किलो दाणे कमी आहेत. ओचा सोड."

सारजाबाईने शेठकडे एकदा पाहिले आणि भट्टीवरच्या सगळ्या बायकांसमोर नऊवारीचा कमरेला खोचलेला ओचा सोडला. मिश्रीची डबी आणि भाकरीचा तुकडा खाली पडला. दुसरे काही नव्हते. सोळा मापांवरची शीग कोणी हिशेबात धरलीच नाही, हे मला ओरडून सांगायचे होते, पण पितळेला कुठली वाचा.

तेवढ्यात शेठची बायको सरोजिनी दुकानातून आत आली. "अहो, तराजू आहे ना आपल्याकडे? तोलून तरी बघायचं," असे म्हणून तिने पाकळ्या तोलल्या. तेवीस किलोंच्या आसपास भरल्या. उरलेले फोलात गेले होते आणि भाजताना आटले होते.

"मावशी, चुकलं माझं," शेठ कसेबसे म्हणाले.

"दानं तोललं, बरं झालं," ती म्हणाली. "माजा सोडलेला ओचा कशात तोलनार, भाऊ?"

ती गेली ती परत आली नाही. महिनाभराने शेठ मला पिशवीत घालून पायी तिच्या वाडीवर गेले आणि मला तिच्यापुढे ठेवून, यापुढे तुझ्याच रीतीने मोजू म्हणत, खूप विनवण्या केल्या.

"म्या न्हाई येनार," ती शांतपणे म्हणाली. "पर रिकामं माप माघारी धाडायची आमची रीत न्हाई." आणि तिने मला नव्या तांदळाने भरले. शिगेने.

शेठ मला दोन्ही हातांत धरून डोंगर उतरले. वाटेत तांदळाचा एक दाणा सांडू दिला नाही त्यांनी. मित्रांनो, कुणावर आळ घेण्याआधी आपण माप कसे भरले होते ते आठवत जा. एवढीच काळजी त्या संध्याकाळी घेतली असती, तर सारजाबाई भट्टीवर राहिली असती आणि आज माझ्यावर धूळ नसती.